चिठ्ठी न लावलेली बरणी

फोन आला तेव्हा मी धिंगरीच्या खोलीत होतो. घराच्या मागे पूर्वी जळण ठेवायची जागा होती, तिथेच मी निवृत्तीनंतर ही अळिंबीची, म्हणजे मशरूमची, खोली केली. सोयाबीनच्या कुटाराने, मळणीनंतरच्या भुशाने, भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या दोरीला टांगलेल्या, त्यांच्या भोकांमधून पांढरे पंखे बाहेर आलेले, आणि मी हातात पंप घेऊन त्यांच्यावर पाणी फवारत होतो. सकाळचे आठ वाजले असतील. जिनदासच्या बायकोचा, सुलोचनावहिनींचा आवाज अगदी सरळ होता. "भाऊजी, गेले वो ते. उजाडता उजाडता गेले. तुमी या." मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. त्यानंतर मी जे केलं ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं लिहिता येणार नाही. मी मोरीत गेलो आणि साबणाने हात धुतले. एकदा नाही, तीन वेळा धुतले, नखांच्या आतून धुतले. शिरपूरला जाऊन मला जिनदासच्या पायांना हात लावायचा होता, आणि त्या हातांना अळिंबीचा वास यायला नको होता... लहानपणापासूनचा मित्र गेला म्हटल्यावर माणूस मटकन खाली बसतो, रडतो. मी हात धूत होतो. बायको दाराशी येऊन काय झालं म्हणून विचारत होती, तिला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही.

त्याला जाऊन आता सात आठवडे होतील. शिरपूर जैनच्या बाजाररस्त्यावर त्याचं कापडाचं दुकान होतं, वडिलांपासूनचं. गावातल्या जैन देवळाला आलेली माणसं परतताना तिथे थांबत, कोणी धोतरजोडी घेई, कोणी नुसतं पाणी पिऊन एसटीची वाट बघत बसे. पाणी पिणारेच जास्त. मी वाशीमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालो. आमचं शेत शिरपूरच्या शिवारात, त्यामुळे शाळा तिथलीच, आणि पाचवीत मास्तरांनी आम्हाला एका बाकावर बसवलं ते पुढे आम्ही उठलोच नाही म्हणायला हरकत नाही. मी कॉलेजात लागलो तेव्हापासून तो मला 'मास्तर' म्हणू लागला. आधी चिडवायला, मग सवयीने. अशा लेखात गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं. त्यात काहीच अडचण नाही, माणूस चांगलाच होता. अडचण माझी आहे.

ते घर जैन. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, जमिनीखालचं काही खायचं नाही. मावळतीनंतर काही तोंडात घालायचं नाही. पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही. कबड्डीचा डाव अगदी रंगात आलेला असायचा आणि दिवस कलला की हा गडी अंगावरची माती झटकून घरी निघायचा. आम्ही मागून ओरडायचो, "जिन्या, सूर्य बोलावून राह्यला तुले!" तो हसायचा, थांबायचा नाही. दुपारी माझ्या भाकरीवर कांदा असायचा आणि तो शेजारीच बसून आपला डबा खायचा, कधी नाक मुरडलं नाही, कधी मला शिकवलं नाही. हीच गोष्ट मला खुपायची असावी. आठवीत असताना गावच्या यात्रेत मी त्याला भजी आणून दिली, कोबीची आहेत म्हणालो. त्याने चवीने दोन खाल्ली. संध्याकाळी मला हसू आवरेना आणि मी सांगून टाकलं की ती कांद्याची होती. प्रामाणिकपणा वगैरे काही नाही, त्याचं तोंड कसं होतं ते मला बघायचं होतं. तोंड पांढरं पडलं. तो तसाच घरी गेला. दुसऱ्या दिवशी शाळेत आला नाही, त्याने उपास केला होता, पाण्यावाचून. तिसऱ्या दिवशी आला आणि माझ्याच शेजारी बसला. मी मान वर करत नव्हतो. तोच म्हणाला, "सांगतलं ते बरं केलं तुनं. नसतं सांगतलं तं ते माह्यापाशीच राह्यलं असतं." मला काही कळलं नाही. वाचलो, एवढंच कळलं.

पुढे मी शिकून शहाणा झालो. नव्यानेच नोकरीला लागलो होतो, प्रयोगशाळेच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. एकदा तो कापड घ्यायला वाशीमला आला तेव्हा त्याला कॉलेजात नेलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली डबक्यातल्या पाण्याचा थेंब दाखवला. एक डोळा मिटून तो कितीतरी वेळ बघत राहिला. "हे सबन जित्तं हाये?" त्याने हळूच विचारलं, जणू मोठ्याने बोललं तर ते दचकतील. मग म्हणाला, आता गाळलेलं दाखव. माझ्या मनात हेच होतं. मी त्याच्याच पंच्याने पाणी गाळलं, थेंब ठेवला. त्यातही थोडे वळवळत होते. "बघ," मी म्हणालो, "काय उपयोग झाला तुह्या गाळण्याचा?" त्याने भिंगावरचा डोळा काढला नाही. "पहिल्यापेक्षा कमी हायेत का नाही? सबन नाही वाचत म्हणून एकबी वाचवू नये काय बे?" मग पंच्यावर उरलेलं पाणी त्याने उभ्या उभ्या परत त्या डबक्याच्या बाटलीत पिळलं, आणि ती बाटली जिथून आणली त्याच डबक्यात मी नेऊन ओतीन असं माझ्याकडून वदवून घेतलं. मी ती मोरीत ओतली. हेही त्याला कधी सांगितलं नाही.

आमच्या घरी त्याला पाणी पिता यावं म्हणून माठावर एक गाळणं असायचं. पांढऱ्या जाड मांजरपाटाचं, दुहेरी शिवलेलं. ते तोच आणायचा, दुकानातल्या ताग्यातून स्वतः कापून. पर्युषण संपलं की त्यांच्यात क्षमावणीचा दिवस असतो, वर्षभरात ज्यांना ज्यांना आपण जाणता अजाणता दुखावलं त्यांची क्षमा मागायची. जिनदास त्या दिवशी सकाळच्या एसटीने वाशीमला यायचा. चपला काढायच्या आधी हात जोडायचा, "उत्तम क्षमा, मास्तर. काही चुकलं असंन तं माफ करजो." मी म्हणायचो, तुझ्याकडून काय चुकणार, तू तर चुकायलाही आळशी. मग तो पिशवीतून नवं गाळणं काढायचा आणि ते उन्हात धरून मला दाखवायचा. कापड एवढं घट्ट पाहिजे की त्यातून सूर्याची चकती दिसता कामा नये. दिसली तर ते गाळणं पाण्याला चालत नाही, बदलायचं. जुनं तो असंच धरून बघायचा, आणि नवं माठावर बांधून द्यायचा. दरवर्षी. माझ्या बायकोला तर त्यावरूनच कळायचं की पर्युषण संपलं.

निवृत्तीनंतर मी धिंगरीच्या नादी लागलो. शेतातलं सोयाबीनचं कुटार नाहीतरी पडूनच असतं, त्यावर ही अळिंबी छान येते. घरी आलेल्या प्रत्येकाला मी ती खोली दाखवायचो, जिनदास मात्र उंबरठ्याबाहेर उभा राहायचा. अळिंबी त्यांच्यात कांद्याहूनही वर्ज्य. सडणाऱ्या गोष्टीवर वाढणारी, एका देहात न मोजता येणारे जीव असलेली. "तुहं चालू दे," तो बाहेरूनच म्हणायचा, "मी आपला पायरीवर बरा हाव." मी आतून त्याला व्याख्यान द्यायचो की ही वनस्पतीसुद्धा नाही, बुरशी हा वेगळाच वर्ग आहे, ना झाड ना प्राणी. तीस वर्षं परीक्षेच्या पेपरात 'बुरशी ही वनस्पती आहे' असं लिहिणाऱ्या पोरांना मी लाल शाईने फुली मारत आलो. तो ऐकून घ्यायचा. मित्रांचं व्याख्यान ऐकून घ्यायची त्याला चांगली सवय होती.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर त्याच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. नागपूरला शस्त्रक्रिया झाली, नंतर केमो सुरू झाली. तिसऱ्या वेळेला गेलो तेव्हा रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या होत्या की डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली. परतताना गाडीत तो खिडकीला डोकं टेकून बसला होता, गळ्याजवळचं हाड वर आलेलं. मला भीती वाटली. आणि घाबरलो की मी पुस्तकं उघडतो, तसा माझा स्वभाव आहे. त्या महिन्यात मी जे वाचलं ते थोडक्यात असं. अळिंबीच्या पेशींच्या भिंतीत बीटा-ग्लुकन नावाची साखरेची लांब साखळी असते. माणसाच्या अंगात ती तयार होत नाही. म्हणून आपल्या आतड्यात आणि रक्तात फिरणाऱ्या पहारेकरी पेशी तिला पाहताक्षणी ओळखतात की हे परकं आहे. त्यांच्या अंगावर या साखळीत नेमक्या अडकतील अशा आकड्या असतात. साखळी अडकली की पहारेकरी जागा होतो, रसायनं सोडून इतरांना हाका मारतो, गिळणाऱ्या पेशी येतात, मारणाऱ्या पेशी येतात. कर्करोगाची पेशी मात्र आपल्याच शरीरातली बिघडलेली पेशी. तिच्या अंगावर घरच्याच खुणा, त्यामुळे पहारेकरी तिच्या शेजारून जातात आणि थांबत नाहीत, वर गाठ त्यांना गुंगवून ठेवते ते वेगळंच. परक्याच्या खुणेने एकदा खडबडून जागा झालेला पहारेकरी मग या घरच्या चोरालाही धरील, अशी त्यामागची आशा. काचेच्या बशीत तो धरतो. उंदरांमध्येही धरताना दिसला आहे. काही देशांत अळिंबीतून शुद्ध केलेली द्रव्यं केमोच्या जोडीला देतात, केमोऐवजी नाही. माणसाला त्याचा नक्की किती उपयोग होतो, यावर जाणकारांचं एकमत नाही. हे शेवटचं वाक्यही मी वाचलं होतं. वाचलं आणि पान उलटलं.

माझ्याकडे ती शुद्ध द्रव्यं कुठली असणार. माझ्याकडे धिंगरी होती, आणि तिच्यातही हे बीटा-ग्लुकन असतं एवढं मला पुरलं. खोलीतली ताजी अळिंबी तोडली, गच्चीवर वाळवली, दळली, वास लपावा म्हणून सुंठ आणि ओवा घातला. माझ्या घरात प्रत्येक बरणीवर चिठ्ठी असते, आत काय आहे, कधी भरलं, वनस्पतीचं शास्त्रीय नाव. मिठाच्या बरणीवरसुद्धा आहे, बायको त्यावरून हसते. या बरणीवर मी चिठ्ठी लावली नाही. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही असं मला म्हणायचं होतं, पण ते खरं नाही. लक्षात आलं होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की आम्हाला सांगितल्याशिवाय कसलीही पूड, काढा देऊ नका. त्यांनाही मी सांगितलं नाही. ते नको म्हणतील अशी भीती होती.

शिरपूरला नेऊन दिली तेव्हा जिनदास ओसरीवर पडला होता, वहिनी मुगाचं पाणी करत होत्या. त्याने बरणी उघडून वास घेतला. "काय हाय हे?" मी म्हणालो, अंगातली ताकद वाढवतं, रक्तातल्या पेशी जाग्या करतं. "थे नाही इचारत. जमिनीखालचं नाही ना?" "नाही." "झाडाचंच हाय ना, मास्तर?" त्याने माझ्याकडे बघितलं. आजारी माणसाची नजर कशी असते, आपण देऊ ते ती घेते. "झाडाचंच," मी म्हणालो. तीस वर्षांची लाल शाई त्या एका शब्दाखाली गेली. तो म्हणाला, "तू म्हणतं तं घेतो. तुह्याइतकं झाडाचं कोनाले समजते?" आणि बरणी त्याने वहिनींच्या हातात दिली.

हे औषध काम कसं करतं ते त्याला समजून घ्यायचं होतं, आणि ते मी अगदी खरं सांगितलं. नाव सोडून सगळं खरं. पहारेकरी, घरचा चोर, परक्याची खूण. कापडवाल्याच्या डोक्यात हिशेब लगेच बसला. "म्हंजे चोर पकडाले दुसऱ्याच चोराचा आवाज काढाचा?" "असंच काहीतरी." "अन् मंग आत मारामारी." "हो." "माह्या आतमंदी लढाई लावून देल्ली, अन् मले इचारलंबी नाही," तो म्हणाला आणि हसला. मीही हसलो. तो पेशींबद्दल बोलत होता. रोज दिवस मावळायच्या आत, मुगाच्या पाण्यात एक चमचा पूड, असं ठरलं.

पुढचे दोन-अडीच महिने तो सुधारला. पांढऱ्या पेशी वाढल्या, राहिलेली केमो पार पडली, तोंडाला चव आली, दुपारी तासभर दुकानात बसू लागला. डॉक्टर समाधानी होते, त्यांनी दिलेल्या औषधांनी पेशी वाढतातच असं ते म्हणाले. मी मनात म्हणालो, तुम्हाला काय माहीत. ते दिवस मी फार मस्तीत काढले. घरात शीळ घालायचो. बरा झाला की मग त्याला सांगायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. हसत हसत सांगायचं, त्या भज्यांसारखं. तो एक दिवस उपास करील, तिसऱ्या दिवशी येऊन शेजारी बसेल. क्षमावणीला तो आला, कोणाच्या तरी गाडीतून नाही, एसटीनेच आला, हट्टाने. पायरीवर धाप लागली तरी चपला काढायच्या आधी हात जोडले. "उत्तम क्षमा, मास्तर." मी पुढे होऊन त्याचे जोडलेले हात धरले. तोंडाशी आलं होतं. आणि मी म्हणालो, "माझंही काही चुकलं असेल तर..." काही. असेल. तर. या तीन शब्दांच्या आड माणूस आरामात लपतो. त्याने नवं गाळणं काढलं, उन्हात धरलं, सूर्य दिसत नाही हे मला दाखवलं आणि माठावर बांधून दिलं. मग पाणी मागितलं.

दिवाळीनंतरच्या तपासणीत गाठ यकृतात गेलेली दिसली. एक नाही, अनेक. नागपूरचे डॉक्टर माझ्याशी बाहेर बोलले, आता घरी ठेवा म्हणाले. मी तेव्हा कुठे त्यांना पुडीबद्दल विचारलं, चोरासारखं. ते रागावले नाहीत. तिने काही बिघडवलं असेल असं वाटत नाही म्हणाले, आणि काही साधलं असेल असंही वाटत नाही. इतकं सहज म्हणाले ते. कोणी आपल्याला ओरडावं अशी माझी फार इच्छा होती, ती त्या कॉरिडॉरमध्ये तशीच राहिली. त्याच्या आतला पहारेकरी जागा झाला होता की नाही, झाला असेल तर त्याने कोणाला धरलं, कोणाला सोडलं, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. मला फक्त एवढं माहीत आहे की एका माणसाने साठ वर्षं जपलेली गोष्ट मी एका चमच्याने मोडली, रोज मोडली, आणि बदल्यात त्याला काहीही दिलं नाही.

शेवटची भेट पौषातली, दुपारची. पाणी आणि मुगाचं पाणी, याखेरीज त्याने सगळं सोडलं होतं. पूडही बंद केली होती, आता कशाला म्हणून. अंगणात खाटेवर ऊन घेत पडला होता. वहिनी आत होत्या. मला जवळ बोलावून म्हणाला, "आता सबन मोकळं करून राह्यलो, मास्तर. जे आठोते ते बोलून टाकतो. आईक." त्यांच्यात ही रीत आहे, जायच्या आधी आपल्या चुका उच्चारून त्यांचं ओझं उतरवायचं. तो एकेक सांगत गेला, मधे मधे थांबत... बापाला एकदा उलटून बोललो. एका बाईला डाग असलेलं लुगडं दिलं, डाग आहे हे मालूम असून दिलं. मुलीच्या लग्नाच्या धावपळीत एकदा अंधार पडल्यावर पाणी प्यालो. एवढीच यादी. माझ्या एका वर्षाची याहून मोठी होईल. मग त्याने माझा हात धरला, त्याचा हात ऊबदार होता, आणि म्हणाला, "खाण्याचं तं एकच होतं. थे भज्याचं. तेबी तुनं सांगतलं म्हणून फिटलं. जिभेकडून मी निर्धास्त हाव."

तेव्हाही मी सांगितलं नाही. आता त्याला कशाला त्रास द्यायचा, शांतपणे जाऊ द्यावं, असा विचार मी केला असं मी स्वतःला नंतर सांगितलं, बायकोलाही सांगितलं. खरं असं की मला त्याचं तोंड पांढरं पडलेलं बघायचं नव्हतं. आठवीत जे तोंड बघायला सांगितलं होतं, तेच बघावं लागू नये म्हणून आता सांगितलं नाही. त्याला एक दिवस पुरला असता. एक दिवस त्याच्याकडे होता, त्यानंतर तो पंधरा दिवस जगला. मी पंधरा दिवसांत पाच वेळा शिरपूरला गेलो आणि पाचही वेळा हवापाण्याचं बोलून परत आलो.

मागच्या आठवड्यात वहिनींकडे गेलो ते सांगायचं ठरवूनच गेलो. दुकान अजून उघडलेलं नाही. त्यांनी बसायला दिलं, गाळलेलं पाणी दिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत फडताळातून बरणी आणून माझ्यापुढे ठेवली. घासून, वाळवून, लखलखीत. "तुमची बरणी. तुमी लय केलं त्यायच्यासाठी, भाऊजी. त्यायच्या आधी रोज चिमूटभर मी चाखून पाहत होती, तोंडाले कडू तं लागत नाही ना म्हणून. अन् त्यायनं सोडल्यावर उरली थे मीच संपवली. टाकाची कायले? गुडघ्याले बरं वाटे." मला आठवतं की माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं. मग सांगितलं. सगळं सांगितलं, नाव घेऊन सांगितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, बरणीकडे बघत होत्या. "त्यायले काहून नाही सांगतलं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, हिंमत झाली नाही. "त्यायनं तुमाले काहीच म्हटलं नसतं. एक दिवस पानी घेतलं नसतं, अन् दुसऱ्या दिवशी तुमाले फोन केला असता." आवाज चढला नाही. चढला असता तर मी त्या आवाजाला धरून उभा राहू शकलो असतो. त्या उठल्या, पदर सारखा केला, आणि आत जाता जाता दारात थांबून म्हणाल्या, "माहं मी उपासानं फेडीन. त्यायचं आता कोन फेडन?"

मी बराच वेळ ओसरीवर बसून राहिलो. आतून जेवायला हाक आली नाही. एरवी त्यांनी मला दिवस असताना जेवल्याशिवाय सोडलं नसतं. शेवटी मीच आवाज दिला, हे सगळं लिहू का म्हणून विचारलं. "लिहा," आतूनच उत्तर आलं. "बरणीत काय होतं थे मात्र नाव घेऊन लिहा." म्हणून लिहिलं. धिंगरी होती. जे कोणी हे वाचत असतील त्यांनी यातून औषध शोधू नये, आणि कोणाच्या ताटात काय घालायचं ते त्याला विचारून घालावं. मला एवढंच शिकवता येण्यासारखं उरलं आहे. धिंगरीची खोली मी बंद केली. पिशव्या शेतात नेऊन पुरल्या.

माठावरचं गाळणं तसंच आहे. पूर्वी ते फक्त जिनदास आला की वापरात यायचं, आता घरातलं सगळं पाणी मी त्यातूनच गाळतो, रोज सकाळी. कापडावर राहिलेलं पाणी, जिथून ते काढलं त्या अंगणातल्या विहिरीत परत सोडतो, काठावर वाकून, हळूच, तो सोडायचा तसं. रोज पिळून पिळून कापड माठाच्या गळ्याशी घासलं गेलंय. आज सकाळी पाणी गाळून झाल्यावर मी ते झटकलं आणि विहिरीपाशी उभं राहून उन्हात धरलं. एका जागी सूर्याची चकती दिसली. लहानशी होती, पण स्वच्छ दिसली. मी हात खाली घेतला, कापडाला आणखी एक घडी घातली आणि माठावर बांधून ठेवलं.